वाळवी आणि आपला प्रमाद

मृगाचा पहिला पाऊस पालघरच्या किनारपट्टीवर पडून गेला, की त्या संध्याकाळी घराघरांतील दिव्यांभोवती पंखांच्या किड्यांचे थवे जमतात. माणसे दिवे मालवतात, खिडक्या लावून घेतात आणि सकाळी उंबऱ्याशी साचलेले पातळ पंख पुंजणीने हलकेच बाजूला करतात. ते पंख कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते बहुधा वाळवीचे असतात. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या परिसरात स्थिरावलेली आपली व्यापारी कुटुंबे तिला उधई म्हणतात. पंख गळालेली एखादी नर-मादीची जोडी ओलसर मातीत शिरली, तर तेथे नव्या वसाहतीचा आरंभ होतो. घरमालकाला मात्र तिची वार्ता लागते ती पुढे काही वर्षांनी, आणि तीही बहुधा दिवाळीच्या साफसफाईत.

पुढे दुकान व मागे घर असलेले बोईसरचे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. धनत्रयोदशीला चार दिवस उरले आहेत. आजोबांच्या काळचे सागवानी कपाट रंगकामासाठी भिंतीपासून ओढले जाते आणि मागे जमिनीपासून वरपर्यंत गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसते. कपाट उघडले, तर चोपड्यांचे लाल पुठ्ठे जसेच्या तसे उभे. हातात घेतले, तर आत कागदांऐवजी माती. त्याच खणात दुकानाच्या जागेचे खरेदीखत आणि घरातील जुन्या धार्मिक पोथ्याही आहेत. थोरला मुलगा म्हणतो, “आजच्या आज औषध मारणाऱ्याला बोलावतो.” आजी म्हणतात, “अरे, चातुर्मास अजून संपलेला नाही. एवढ्या जीवांचा संहार माझ्या डोळ्यांदेखत नको.” सून दोघांकडे पाहते आणि हळूच म्हणते, “आई, मागच्या न्हाणीघराचा नळ दोन वर्षे गळतो आहे. भिंत तेव्हापासूनच ओली होती.”

आजींची करुणा खरी आहे आणि मुलाची चिंताही खरी आहे. परंतु या प्रसंगाची किल्ली सुनेच्या वाक्यात आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी वाळवीचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची प्रथा असली, तरी ती मुंगी नव्हे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची नसते; मुंगीच्या मिशांना कोपर असते, वाळवीच्या मिशा सरळ असतात; पंख असलेल्या वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे असतात. वसाहतीत राणी, राजा, सैनिक आणि असंख्य कामकरी असतात. लाकूड खाण्याचे काम कामकऱ्यांचे. त्यांची अंगे मऊ व फिकट असतात आणि कोरडी हवा त्यांना सोसत नाही. म्हणून त्या उघड्यावर चालत नाहीत. माती आणि लाळ यांची नळी बांधीत, त्या नळीच्या आतूनच पुढे सरकतात. भिंतीवरील मातीची रेघ म्हणजे त्यांचा झाकलेला रस्ता होय. जमिनीत राहणाऱ्या वाळवीला मातीतील ओलीशी संबंध तोडून जगणे कठीण जाते. घरातील लाकूड हे तिचे अन्न असले, तरी तिचे जीवन ओलीवर अवलंबून असते.

जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत आणि त्यांतील अगदी थोड्या घरांचे नुकसान करतात. बाकीच्या जाती रानातील पडलेले लाकूड आणि पालापाचोळा यांची माती करतात, जमीन भुसभुशीत ठेवतात. विक्रमगड-जव्हारच्या रानात वाळवी नसती, तर पडलेल्या झाडांचे खच साचले असते. वाळवी मुद्दाम कोणाचे वाईट करायला येत नाही. मेलेल्या लाकडाची माती करणे हे तिचे काम आहे. आपले कपाट हेही तिच्या लेखी मेलेले लाकूडच असते.

या परिसरात तिला अनुकूल गोष्टी पुष्कळ आहेत. चार महिन्यांचा जोरदार पाऊस आणि समुद्राची दमट हवा या तर जुन्याच. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. जेथे भातखाचरे होती, तेथे भराव टाकून पाया घातला गेला. भरावात झाडांची मुळे राहिली, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि खुंट्या जोत्याखाली गाडल्या गेल्या, की वाळवीला घराच्या पायातच शिदोरी मिळते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहानमोठे धक्के बसत आले आहेत. अशा धक्क्यांनी किंवा पाया बसल्याने फरशी व भिंत यांच्या सांध्यात जी बारीक चीर पडते, तीही वाळवीला वाट म्हणून पुरते. तारापूर औद्योगिक वसाहतीत ज्यांची गोदामे आहेत, त्यांच्याकडे मालाबरोबर लाकडी पॅलेट आणि पुठ्ठ्याची खोकी येतात. ती थेट जमिनीवर, भिंतीला टेकवून महिनोन्महिने राहतात. पुठ्ठाही शेवटी लाकडाचाच.

प्रत्येक लाकडी भुसा वाळवीचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. मातीची नळी दिसली, तर ती जमिनीतील वाळवी. लाकडाखाली खसखशीसारख्या कोरड्या, कठीण कणांची ढिगळी साचत असेल आणि माती कोठेच नसेल, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. समुद्राजवळच्या गावांत ती आढळते आणि तिला जमिनीशी संबंध लागत नाही. लाकडाला टाचणीएवढी गोल भोके पडून पिठासारखी भुकटी गळत असेल, तर तो भुंग्याच्या जातीचा घुण. तिघांवरील उपाय वेगळे आहेत. रोग न ओळखता औषध देणारा वैद्य आणि कीड न ओळखता फवारा मारणारा कारागीर सारखेच. पुष्कळदा जिवांचीही हिंसा होते आणि घरही वाचत नाही.

व्यापारी घराला लाकडापेक्षा कागदाची हानी अधिक जड जाते. उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात २०११ मध्ये एका बँकशाखेच्या तिजोरीत ठेवलेल्या सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने खाल्ल्याचे उघडकीस आले. मुरादाबाद येथे २०२३ मध्ये एका महिलेने मुलीच्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलेले १८ लाख रुपये अशाच प्रकारे मातीमोल झाले. लोखंडी तिजोरी वाळवी खात नाही, पण तिजोरी ज्या भिंतीला टेकलेली असते तिच्या ओलीतून आणि फटींतून ती आत पोहोचते. लॉकरच्या करारात रोख रक्कम ठेवू नये, अशी अट असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे, कर्मचाऱ्याची लबाडी अशा प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत धरलेले आहे. परंतु जी रोकड मुळात तेथे ठेवायचीच नव्हती, तिच्यासाठी दाद मागणे कठीणच. फाटक्या नोटांच्या नियमांत ५० रुपये व त्यावरील नोटेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एकसंध शिल्लक असेल तर पूर्ण, आणि ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे मूल्य मिळते. वाळवीने चाळणी केलेली नोट या मापात क्वचितच बसते.

हिशेबाच्या वह्यांचेही तसेच. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. वाळवीने खाल्ले, हे उत्तर तपासणीच्या वेळी उभे राहत नाही. खरेदीखत गेले, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत व सूची क्रमांक २ मिळू शकते, हा एक दिलासा. तथापि मूळ दस्त मूळच असतो; कर्ज घेताना किंवा जागा विकताना त्याची किंमत कळते. म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या प्रती काढून त्या निराळ्या जागी ठेवाव्यात आणि मूळ कागद लाकडी कपाटाऐवजी भिंतीपासून सुटे उभे केलेल्या लोखंडी कपाटात, तेही वरच्या खणात ठेवावेत. घराच्या विम्यावर विसंबण्यापूर्वी पॉलिसीतील वगळण्याची कलमे वाचावीत; किडीने हळूहळू झालेले नुकसान सहसा त्यांतच मोडते.

आता आजींच्या आक्षेपाकडे वळावे. जैन शास्त्रांनी वाळवीची गणना त्रींद्रिय जीवांत केली आहे. स्पर्श, रस आणि गंध ही तीन इंद्रिये तिला आहेत, डोळे नाहीत. बहुतेक जातींतील कामकरी वाळवी आंधळी असते, हे आजचे प्राणिशास्त्रही सांगते. त्रस जीवाची संकल्पपूर्वक हिंसा श्रावकाला वर्ज्य आहे. आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, तरी ती कमीत कमी व्हावी अशी अपेक्षा आहे. येथे घरात कोणता निर्णय घ्यावा, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने आणि आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. परंतु एक गोष्ट आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रापासून स्पष्ट आहे. त्यांनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या आधी प्रमादाचे नाव घेतले आहे. हिंसेचा आरंभ हात उगारण्याच्या फार आधी, बेसावधपणातून होतो.

त्या दृष्टीने बोईसरच्या घरातील हिंसा औषधवाला आला त्या दिवशी सुरू होत नाही. ती नळ गळू लागला आणि “पुढच्या महिन्यात बघू” असे म्हटले गेले, त्या दिवशी सुरू होते. पहिल्याच महिन्यात नळ दुरुस्त झाला असता, तर भिंत कोरडी राहिली असती आणि वाळवीला तेथे यावेसे वाटले नसते. दोन वर्षांच्या दुर्लक्षाने तिला घर दिले, अन्न दिले, हजारोंची वसाहत वाढू दिली. आणि मग त्या हजारोंचा प्रश्न उभा केला. ज्या दयेने शेवटी औषध नको म्हटले, तीच दया दोन वर्षांपूर्वी प्लंबरला बोलावण्यास उपयोगी पडली असती.

आपल्या परंपरेत यावर उपाय आहे आणि तो रोजच्या आचारातच आहे. साधू-साध्वी आपली वस्त्रे व पात्रे दिवसातून दोनदा उघडून, निरखून पाहतात. हे प्रतिलेखन, बोलीतले पडिलेहण, केवळ स्वच्छतेसाठी नाही. जीव तेथे रुजण्यापूर्वीच दिसावा आणि त्याला इजा न करता बाजूला करता यावे, यासाठी आहे. हस्तलिखितांच्या भांडारांनीही हेच केले. पोथ्या कापडात घट्ट बांधून, लाकडी पेट्यांत जमिनीपासून उंच ठेवल्या जात. बस्त्यात वेखंडाचे तुकडे घातले जात. पावसाळ्याची ओल सरल्यावर, दिवाळीनंतरच्या पाचव्या दिवशी येणाऱ्या ज्ञानपंचमीला भांडारे उघडून पोथ्या झाडण्याची, त्यांना हवा देण्याची रीत होती. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, श्रुतपंचमीला शास्त्रांची अशीच निगा राखली जाते. शेकडो वर्षांचे ताडपत्र आणि कागद आपल्यापर्यंत आले, त्यात विद्वत्तेइतकाच या निगराणीचाही वाटा आहे. आज ज्ञानपंचमीला वासक्षेप वाहिला जातो, पण कपाट भिंतीपासून हलविले जातेच असे नाही.

गृहस्थाने घराचे पडिलेहण कसे करावे? पावसाळ्यापूर्वी एकदा आणि ज्ञानपंचमीला एकदा, असे वर्षातून दोनदा सर्व लाकडी सामान भिंतीपासून ओढून मागची बाजू विजेरीने पाहावी. एरवीही कपाट आणि भिंत यांत चार बोटांचे अंतर ठेवावे. दरवाज्यांच्या चौकटींचे पाय, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, मोरी, वातानुकूलन यंत्राची पाणी टाकणारी नळी, मीटरची लाकडी फळी, जिन्याखालची अडगळ ही मुख्य ठिकाणे. बोटाच्या पेराने चौकट ठोकून पाहावी; आवाज पोकळ आला, तर सावध व्हावे. अंगणात भिंतीला टेकवून लाकडे, फळ्या, रद्दी रचू नये. गोदामात माल लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या घोडीवर, भिंतीपासून एक हात सोडून ठेवावा. नवे घर बांधणाऱ्याने भारतीय मानक आय.एस. ६३१३ या संहितेचा पहिला भाग आपल्या अभियंत्याला अवश्य विचारावा. पायातील मुळे व लाकूड काढून टाकणे, जोत्यालगत काँक्रीटची पट्टी करणे असे बांधकामातीलच उपाय त्यात आहेत. ऑस्ट्रेलियात पायाभोवती बारीक पोलादी जाळी बसविण्याची पद्धत रूढ आहे. दगडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटी बसविल्या, तर वाळवीचे निम्मे कारणच जाते. या उपायांत वाळवीला मारावे लागत नाही, तिची वाट तेवढी बंद होते.

एवढे करूनही वाळवी आलीच, तर घाईने झाडू मारू नये आणि रॉकेल तर मुळीच ओतू नये. त्याने आगीचा धोका वाढतो आणि वाळवी दुसऱ्या बाजूने निघते. कडुनिंब, कापूर, वेखंड हे कपाटातील लहान किडींना दूर ठेवतात, पण जमिनीखालची वसाहत त्यांना जुमानत नाही. प्रथम ओलीचे मूळ शोधून ते बंद करावे. चांगले कागद व वस्तू वेगळ्या काढून कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवाव्यात. पोखरलेले लाकूड जाळू नये. पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची हरकत नसेल अशा, वस्तीपासून दूरच्या झाडीच्या जागी, मातीवर सावलीत हलक्या हाताने ठेवावे. नळीचा लहानसा तुकडा काढून दोन-चार दिवस वाट पाहावी; तो पुन्हा बांधला गेला, तर वाळवी अद्याप कार्यरत आहे. पुष्कळ ठिकाणी, प्रादुर्भाव नवा आणि लहान असेल, तर भिंत वाळली, फट बुजली आणि लाकूड हलविले, की ती वाट मोडते. हे औषधापूर्वीचे पाऊल आहे, आणि ते प्रामाणिकपणे उचलायला हवे.

प्रादुर्भाव जुना असेल, चौकटी व तुळया पोकळ झाल्या असतील आणि छत डोक्यावर येण्याची भीती असेल, तर रासायनिक उपायाचा प्रश्न टाळता येत नाही. त्यावेळी निदान तो नीट तरी व्हावा. भिंत व फरशीच्या सांध्यात सुमारे एक फुटाच्या अंतराने बारीक भोके पाडून त्यांतून द्रावण मातीत सोडण्याची पद्धत आय.एस. ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. दिसेल तेथे वरवर फवारा मारण्याने पुढे आलेल्या कामकरी वाळवीचा जीव जातो आणि मूळ वसाहत तशीच राहते. म्हणजे हिंसा झाली आणि कार्य झाले नाही. कीटकनाशके कायदा १९६८ खाली असे काम करणाऱ्याला परवाना लागतो, तो पाहिल्याशिवाय काम देऊ नये. कोणते औषध, किती प्रमाणात, हे लिहून घ्यावे. जुन्या पिढीत सर्रास वापरली जाणारी अल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये मातीत आणि शरीरात दीर्घकाळ टिकतात, म्हणून २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यांवर बंधने घातली. मे २०२५ मध्ये त्या यादीत क्लोरपायरिफॉसचीही काही सवलतींसह भर पडली. घराजवळ विहीर किंवा कूपनलिका असेल, घरात गरोदर स्त्री अथवा लहान मूल असेल, तर ते आधीच सांगावे. माणसाच्या जिवाची जयणाही अहिंसेतच येते.

पुन्हा त्या बोईसरच्या घराकडे यावे. तेथे थोरला मुलगा आणि आजी यांपैकी एकाने हार मानण्याचे कारण नाही. आधी नळ दुरुस्त व्हावा, भिंत वाळावी, कपाट अंगणात यावे, पोथ्या व कागद वेगळे व्हावेत. दस्ताच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज जावा. पंधरा दिवसांनी नळी पुन्हा पाहावी. त्यानंतरही काही करावे लागले, तर ते किती आणि कोठे, हे आजींच्या आणि गुरुमहाराजांच्या सल्ल्याने ठरावे, आणि त्याचे प्रायश्चित्तही घरानेच घ्यावे; सारा भार औषधवाल्यावर टाकून मोकळे होऊ नये. दरम्यान ज्ञानपंचमी येईल. त्या दिवशी उरलेल्या पोथ्या नव्या कापडात बांधताना आजींनी नातवाला शेजारी बसवावे आणि भिंतीवरची ती मातीची रेघ कशी दिसते, ते त्याला दाखवावे. पुढच्या वर्षी कपाट ओढण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.